नागिणीचं तोंड-शेपूट का जुळत नाही

बरगडीखाली लालसर पट्टा उमटला, त्यावर पाणीदार पुळ्यांचे झुपके आले आणि अंगाची आग आग व्हायला लागली, की घरातलं जुनं माणूस आधी एकच गोष्ट बघतं: पट्टा कुठवर पोचलाय? नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हातचा गेला, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मग गेरूचा लेप लागतो, मंत्र घालणाऱ्याला बोलावणं जातं. चार दिवसांनी पट्टा पोटाच्या मधोमध येऊन थांबतो आणि श्रेय मंत्राला मिळतं.

मंत्र घातला नसता तरी तो तिथंच थांबला असता. कातडीची संवेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जोडीजोडीनं निघतात. डावा तंतू डावीकडचा पट्टा सांभाळतो, उजवा उजवीकडचा. मागे कणा आणि पुढे बेंबीची रेषा, इथं दोघांच्या हद्दी संपतात. हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागीण होऊन गेलेल्या माणसांची शवविच्छेदनं केली आणि 1900 साली निष्कर्ष छापले. ज्या पट्ट्यावर पुळ्या, त्याच पट्ट्याच्या तंतूची कण्यालगतची गाठ सुजलेली. म्हणजे दुखणं दिसतं कातडीवर, पण त्याचं मूळ गाठीत. त्या गाठीत बसलेला पाहुणा कोण, हे मात्र कळायला वेळ लागला.

तो लहानपणीचा ओळखीचा निघाला: कांजिण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर. याचा डीएनए जेमतेम सव्वा लाख अक्षरांचा, जनुकं सत्तरच्या आसपास. माणसाच्या डीएनएत तीनशे कोटी अक्षरं असतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण एवढ्या भांडवलावर तो जे करतो ते थक्क करणारं आहे. श्वासावाटे घशात शिरतो, तिथं रक्तातल्या टी पेशींना गाठतो. संसर्गाशी लढायला निघालेल्या याच पेशी त्याला कातडीपर्यंत पोचवतात. अंगभर पुळ्या उठतात, खपल्या धरतात, पोर शाळेत जायला लागतं. आपल्या लेखी आजार संपला.

दरम्यान काही विषाणू कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरलेले असतात. बाहेरचं स्निग्ध आवरण दारातच गळून पडतं. उरते ती डीएनए सांभाळणारी वीस पैलूंची प्रथिनांची डबी. मज्जापेशीत सामानाची ने-आण करणारी डायनीन नावाची प्रथिनं असतात. विषाणू त्यांनाच धरून तंतूच्या आतून कण्याजवळच्या गाठीकडे सरकतो. केंद्रकाच्या छिद्राशी डबी अडकते आणि आतला डीएनए केंद्रकात सोडला जातो. तिथं त्याची दोन्ही टोकं जुळून वर्तुळ होतं. तोंड-शेपूट जुळतं ते इथं, आणि त्यानं माणूस मरत नाही. उलट विषाणू झोपी जातो. आपल्या पेशीतली हिस्टोन प्रथिनं या परक्या डीएनएलाही, रिळावर दोरा गुंडाळावा तसं, गुंडाळून ठेवतात. त्याची जनुकं जवळपास गप्प होतात. नवीन विषाणू बनत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीला मारायला काही सापडत नाही. असा मुक्काम पन्नास-साठ वर्षंही चालतो.

वय वाढलं, किंवा कर्करोगाच्या उपचारांनी, स्टेरॉइडनी टी पेशींचा पहारा ढिला पडला, की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि आलेल्याच तंतूनं कातडीकडे परततो. म्हणून पुळ्यांच्याही आधी दोन-तीन दिवस ठणका सुरू होतो.

हे कोडं सुटलं त्यात मला सर्वांत भावतो तो एक साधा फॅमिली डॉक्टर. एडगर होप-सिम्पसन इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावात दवाखाना चालवायचे. हाताशी प्रयोगशाळा म्हणावी असं फारसं नव्हतं; होत्या त्या सोळा वर्षांच्या नोंदी. नागिणीच्या 192 रुग्णांचा हिशेब त्यांनी मांडला. कांजिण्यांची साथ असो-नसो, नागीण आपली वर्षभर येतच राहते आणि वयाबरोबर वाढते, हे त्यांना दिसलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या येल बेटावरही ते हेच पडताळायला गेले. हा आजार बाहेरून येत नाही, आतूनच उठतो, असं त्यांनी 1965 साली लिहिलं. पक्का पुरावा 1984 साली अमेरिकेत मिळाला. एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि पुढे झालेल्या नागिणीतला विषाणू घेऊन दोन्हींचे डीएनए विकरांनी तोडले, तर तुकडे तंतोतंत जुळले.

औषध आहे, आणि ते विषाणूच्याच हातून काम करतं. असायक्लोव्हिर मुळात निष्क्रिय असतं. विषाणूचं स्वतःचं विकर त्याला चेतवतं, मग ते डीएनएच्या वाढत्या साखळीत घुसून तिची वाढ तिथंच थांबवतं. विषाणू नसलेल्या पेशीत हे विकरच नाही, म्हणून तिला फारसा धक्का लागत नाही. या औषधावर काम केलेल्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 साली नोबेल मिळालं. पण गाठीत झोपलेल्या विषाणूपुढे हे औषध हतबल आहे. झोपलेला विषाणू नवा डीएनए बनवतच नाही, तर थांबवायचं काय?

म्हणूनच वेळेला महत्त्व. पुळ्या उठल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. गेरू लावण्यात नेमके हेच तीन दिवस जातात, आणि पुळ्या वाळल्यावरही महिनोन्‌महिने मागे राहणारी ठणक उतारवयातल्या माणसाला जेरीस आणते. रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही, नागीण लागत नाही. मात्र ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत, लसही घेतलेली नाही, त्यांना पुळ्यांतल्या पाण्यानं कांजिण्या होऊ शकतात; तान्ही बाळं आणि गरोदर बायका लांब ठेवा. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस आता भारतातही मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून बघा. आणि पुळ्या कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथं नजर जाऊ शकते.