एकाच ब्राउझरमध्यें अडणारें संकेतस्थळ

३० सप्टेंबर २०२१ रोजीं जगांतील अनेक जुन्या संगणकांवर एक चमत्कारिक प्रकार घडून आला. आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार उघडणारीं कित्येक संकेतस्थळें एकाएकीं उघडेनाशीं झालीं, आणि त्यांच्या जागीं ‘हा संपर्क सुरक्षित नाहीं’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर दिसूं लागली. खरें आश्चर्य याच्याहि पुढें आहे. ॲपल कंपनीच्या ‘एल कॅपिटन’ नांवाच्या जुन्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर सफारी आणि क्रोम हे दोन ब्राउझर अशी हरकत घेत असतां, त्याच संगणकावर, त्याच इंटरनेटवर, फायरफॉक्स हा तिसरा ब्राउझर तींच संकेतस्थळें निमूटपणें उघडून दाखवीत होता. यंत्र एक, जोडणी एक, पत्ता एक. आणि साक्षीदारांच्या जबान्या मात्र परस्परविरुद्ध!

हा प्रसंग मोठा म्हणून त्याची नोंद राहिली. परंतु त्याचीं लहान रूपें घरोघरीं नित्य पाहावयास मिळतात. मुलीच्या महाविद्यालय-प्रवेशाचा अर्ज भरावयाचा असतो, मुदतीचा शेवटचा दिवस असतो, आणि अर्जाचें पान अर्धेंच येऊन थबकतें. किंवा पान पुरें येतें, पण ‘पुढें’ हें बटण कितीहि दाबलें तरी दाद देत नाहीं. गांगरलेला गृहस्थ प्रथम इंटरनेट पुरविणाऱ्याला बोल लावतो, मग राउटर बंद करून पुन्हां सुरू करतो, आणि शेवटीं कोणाच्या तरी सल्ल्यावरून ब्राउझरमधील सगळी साठवण एका झटक्यांत पुसून टाकतो. त्या साठवणीबरोबर वर्षानुवर्षें जतन केलेले पासवर्डहि जाण्याचा संभव असतो, हें त्याला मागाहून कळतें. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशांतला हा प्रकार होय.

वास्तविक दुसऱ्या ब्राउझरमध्यें पान उघडतें, ही एकच गोष्ट नीट लक्षांत घेतली तर संशयितांपैकीं बहुतेकांची तत्काळ सुटका होते. संकेतस्थळ चालू आहे, हें सिद्ध झालें. घरांतील जोडणी शाबूत आहे, हेंहि सिद्ध झालें. संगणकाचें घड्याळ चुकलें असतां सुरक्षिततेच्या अशाच सूचना येतात हें खरें. पण ती चूक बहुधा सर्व ब्राउझरांना सारखीच भोंवते, म्हणून तिचाहि विचार मागें ठेवतां येतो. राहतां राहिला तो त्या दोन ब्राउझरांमधील फरक, आणि दोष त्या फरकांतच कोठें तरी दडलेला असतो. अर्थात् मुदत डोक्यावर असेल तर चालणाऱ्या ब्राउझरमधून अर्ज भरून आधीं मोकळें व्हावें. चौकशी सावकाश करतां येते.

ब्राउझर ही नुसती खिडकी आहे, आणि खिडकी कोणतीहि असली तरी बाहेरचा देखावा एकच, अशी जी समजूत आढळते ती बरोबर नाहीं. खिडकीपेक्षां त्याची तुलना पेढीवरील मुनिमाशीं केलेली अधिक शोभेल. धनी एखादें नांव उच्चारतो. मुनीम त्या नांवाचा पत्ता शोधतो, तेथें जो भेटेल त्याची ओळख पटवून घेतो, आणलेला माल आपल्या कोठारांत ठेवतो, आणि मालाबरोबर आलेलें मांडणीचें टिपण वाचून तो धन्यापुढें मांडतो. प्रत्येक मुनिमाचें कोठार निराळें, विश्वासू मंडळींची यादी कित्येकदां निराळी, आणि टिपण वाचण्याची रीतहि थोडी निराळी.

सप्टेंबर २०२१ मध्यें जें घडलें तें ओळख पटविण्याच्या पायरीवर घडलें. सुरक्षित संकेतस्थळ आपल्या सत्यतेचें एक प्रमाणपत्र ब्राउझरला दाखवितें. तें प्रमाणपत्र कोणी दिलें, त्या देणाऱ्याला मान्यता कोणाची, असें मागें मागें जातां शेवटीं एका मूळ प्रमाणपत्रापाशीं येऊन थांबावें लागतें. आणि तें मूळ ज्याच्या यादींत असेल तोच ब्राउझर पुढें पाऊल टाकतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही अमेरिकेंतील संस्था २०१५ पासून अशीं प्रमाणपत्रें विनामूल्य देऊं लागली. संस्था नवी, तिचें स्वतःचें ‘आयएसआरजी रूट एक्स १’ हें मूळ प्रमाणपत्र तेव्हां नुकतेंच जन्मलेलें, त्यामुळें याद्यांत त्याचें नांव नव्हतें. म्हणून तिनें ‘आयडेनट्रस्ट’ या जुन्या संस्थेच्या ‘डीएसटी रूट सीए एक्स ३’ या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेतला. नव्या बिऱ्हाडकरूनें वाण्याकडे खातें उघडतांना शेजारच्या जुन्या प्रतिष्ठित गृहस्थाची ओळख सांगावी, त्यांतलाच हा प्रकार. परंतु त्या जुन्या प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २००० पासून एकवीस वर्षांचीच होती. ती संपली त्या दिवशीं आधार तुटला.

दरम्यान नवें मूळ प्रमाणपत्र बहुतेक याद्यांत दाखल झालेलें होतें. अडचण झाली ती जुन्या याद्यांची. ॲपलच्या संगणकांवर तें २०१६ सालच्या ‘सिएरा’ प्रणालीच्या १०.१२.१ या आवृत्तीपासून आलें. तत्पूर्वीची एल कॅपिटन त्याला ओळखतच नव्हती. सफारी प्रणालीच्या यादीवर विसंबतो, आणि क्रोमहि त्या वेळीं या संगणकांवर तिच्यावरच विसंबत असे. फायरफॉक्स मात्र स्वतःची यादी स्वतः बाळगतो, आणि २०१६ मध्यें निघालेल्या त्याच्या ५० व्या आवृत्तीपासून त्या यादींत नवें नांव होतें. दोघे मुनीम धन्याच्या जुन्या वहीवर चालले, तिसऱ्यानें आपली नवी वही काढली. परस्परविरुद्ध जबान्यांचें रहस्य एवढेंच. ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइड फोनांपुढेंहि हेंच संकट उभें होतें, आणि त्यांच्या मालकांनीं फायरफॉक्स वापरावा असा सल्ला खुद्द लेट्स एन्क्रिप्टनें २०२० मध्यें दिला होता. पुढें आयडेनट्रस्टकडून आणखी तीन वर्षांचा आधार मिळाल्यामुळें तें संकट लांबणीवर पडलें.

अशा सूचनेखालीं ‘तरीहि पुढें जा’ असा एक मार्ग पुष्कळदां दिलेला असतो, आणि घाईच्या माणसाचा हात तिकडेच वळतो. त्या विशिष्ट दिवशीं तो मार्ग बहुधा निरुपद्रवी ठरला असता. परंतु सूचना पाहणाराला तें कळण्याचें साधन काय? मध्यें खरोखरच कोणी तोतया उभा असेल तेव्हांहि सूचनेचे शब्द जवळजवळ हेच असतात. बँकेच्या किंवा पैसे भरण्याच्या पानावर तो मार्ग कधींच पत्करूं नये. खरा उपाय म्हणजे प्रणाली अद्ययावत करणें; यंत्र जुनें असल्यामुळें तें शक्य नसेल तर स्वतःची यादी बाळगणारा ब्राउझर वापरणें. जाणकाराला लेट्स एन्क्रिप्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवें मूळ प्रमाणपत्र घेऊन तें प्रणालींत बसवितांहि येतें. पण कोणीं तरी व्हॉट्सॲपवर पाठविलेलें प्रमाणपत्र बसविणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें होय.

नित्याच्या घरगुती तक्रारींत ओळखीचा प्रश्न क्वचितच उद्भवतो. तेथें दोष बहुधा कोठारांत सांपडतो. एकदां आणलेलीं चित्रें आणि पान चालविणाऱ्या आज्ञावली ब्राउझर साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेस पान लवकर उघडावें. संकेतस्थळाच्या चालकांनीं पान बदललें आणि कोठारांतील आज्ञावली मात्र जुनीच राहिली, कीं नव्या बटणाला जुना हुकूम लागू होत नाहीं आणि बटण मुकें होतें. त्याचप्रमाणें संकेतस्थळ ब्राउझरजवळ ‘कुकी’ नांवाच्या लहान चिठ्ठ्या ठेवतें व प्रत्येक भेटींत त्या परत मागवितें. चिठ्ठ्यांचा भारा फार वाढला तर सर्व्हर ४०० हा क्रमांक दाखवून भेटच नाकारतो. चिठ्ठी बिघडली तर पान एका पत्त्यावरून दुसऱ्यावर सारखें फेऱ्या घालीत बसतें.

हें ताडून पाहण्याचें साधन प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्यें तयारच असतें. क्रोममध्यें त्याला इनकॉग्निटो विंडो म्हणतात, फायरफॉक्समध्यें प्रायव्हेट विंडो. ती रिकाम्या कोठारानिशीं कामास लागते. शिवाय मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शन म्हणून जोडलेलीं उपसाधनेंहि तिच्यांत चालत नाहींत. पान तेथें नीट उघडलें तर दोष कोठारांत किंवा उपसाधनांत आहे, हें निश्चित झालें. मग नेहमींच्या विंडोमध्यें परत येऊन उपसाधनें एकेक करून बंद करावीं. जाहिराती अडविणारें साधन पुष्कळदां येथेंच हातीं लागतें. तीं निर्दोष ठरलीं तर विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे ब्राउझर कोठाराकडे न पाहतां पान नव्यानें आणतो. तरीहि भागलें नाहीं तर पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर दाबून त्या एकाच संकेतस्थळाची साठवण पुसावी. सगळें कोठार जाळण्याची गरज जवळजवळ कधींच पडत नाहीं.

कधीं कधीं उपसाधन जोडलेलें नसतांहि ब्राउझर स्वतःच पहारा करीत असतो. एका संकेतस्थळाच्या पानांत दुसऱ्याच संकेतस्थळानें ठेवलेल्या कुकी सफारीनें मार्च २०२० पासून सरसकट अडविल्या. हेतु चांगला, वापरणाराचा माग काढणारांना आळा घालण्याचा. पण पैसे भरण्याची किंवा ओळख पटविण्याची चौकट परक्या पत्त्यावरून येत असेल आणि ती अशा कुकींवर विसंबत असेल, तर ती सफारीमध्यें कोरी राहते. फायरफॉक्समध्यें पत्त्याशेजारील ढालीच्या चिन्हावरून हा पहारा त्या एका संकेतस्थळापुरता उठवितां येतो. संकेतस्थळ विश्वासाचें असेल तरच तो उठवावा. कचेरींतील अंतर्गत पानें एका ब्राउझरमध्यें सांपडत नाहींत तेव्हां त्यांतील प्रॉक्सीची मांडणी पाहावी, कारण फायरफॉक्समध्यें ती प्रणालीपेक्षां निराळी ठेवतां येते.

प्रायव्हेट विंडोमध्येंहि पान विस्कटलेलेंच दिसलें, तर संशय मांडणीचें टिपण वाचणाऱ्या यंत्रणेकडे वळतो. अशा यंत्रणा मोजक्याच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा आणि ब्रेव्ह हे सर्व ‘ब्लिंक’वर चालतात, सफारी ‘वेबकिट’वर, फायरफॉक्स ‘गेको’वर. तेव्हां पान क्रोममध्यें अडतें व एजमध्यें चालतें एवढ्यावरून यंत्रणेवर ठपका ठेवतां येत नाहीं; दोघांची यंत्रणा एकच आहे. आयफोनवर तर ॲपलनें सर्वच ब्राउझरांना वेबकिट वापरण्याची अट घातली, आणि ती युरोपीय संघांत मार्च २०२४ मध्यें सैल झाली. म्हणून भारतांतील आयफोनवर सफारी आणि क्रोम यांची तुलना या बाबतींत कांहींच सांगत नाहीं.

यंत्रणेच्या भेदाचा फटका मराठी वाचकांनीं पूर्वीं चांगलाच सोसलेला आहे. इसवी सन २००० च्या सुमारास कित्येक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनीं स्वतःचे खास टंक योजले होते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे अवयव बसविलेले असत, आणि टंक वाचकाच्या संगणकावर आपोआप पोंचविण्याची जी पद्धति पुष्कळांनीं स्वीकारली ती केवळ इंटरनेट एक्सप्लोररलाच समजत असे. त्या ब्राउझरमध्यें अग्रलेख सुबक दिसे. दुसऱ्या ब्राउझरमध्यें तोच अग्रलेख रोमन अक्षरें आणि विरामचिन्हें यांचा निव्वळ खच होऊन पडे. वाचकाच्या संगणकांत दोष मुळींच नव्हता. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही पीडा टळली. इंटरनेट एक्सप्लोररच्या शेवटच्या आवृत्तीला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्टनें १५ जून २०२२ रोजीं बहुतेक संगणकांपुरता काढून घेतला. पण केवळ त्याच्याकरितां लिहिलेलीं पानें कचेऱ्यांतून उरलीं होतीं, आणि त्यांच्यासाठीं एजमध्यें एक खास रीति ठेवावी लागली.

शिवाय ब्राउझर स्वतःच आजारी पडूं शकतो. १३ जानेवारी २०२२ रोजीं फायरफॉक्स अनेकांच्या संगणकांवर एकाएकीं कोणतेंच पान उघडीना. संदेशवहनाची एचटीटीपी-३ ही नवी रीत हाताळणाऱ्या त्याच्या भागांत एक चूक दडून बसली होती: लहान आणि मोठ्या रोमन लिपीचा भेद जेथें करावयाचा नव्हता तेथें तो केला जात होता. दूरच्या एका सर्व्हरची मांडणी बदलली तेव्हां ती जागी झाली आणि ब्राउझर एकाच वर्तुळांत फिरत राहिला. मोझिलानें ती मांडणी पूर्ववत् केल्यावर तो पुन्हां चालूं लागला. त्या सकाळीं वापरणाराच्या हातांत करण्यासारखें फार थोडें होतें. एक संकेतस्थळ अडतें कीं सगळींच अडतात, हा प्रश्न आरंभींच विचारावा तो यासाठीं.

सर्व पायऱ्या करूनहि पान चालेना, तर संकेतस्थळाच्या चालकांना कळवावें. ‘तुमचें संकेतस्थळ चालत नाहीं’ एवढें लिहून भागत नाहीं. त्यांच्या यंत्रावर तें चालतच असतें. ब्राउझरचें नांव व आवृत्तीचा क्रमांक, संगणकाची किंवा फोनची प्रणाली, सूचनेचे शब्द जसेच्या तसे, दिवस व वेळ, आणि प्रायव्हेट विंडोमध्यें व दुसऱ्या ब्राउझरमध्यें काय दिसलें, इतकें लिहिलें म्हणजे त्यांचें अर्धें काम होतें. पडद्याचें चित्र जोडावयाचें असल्यास त्यांतील खाते-क्रमांक आणि जन्मतारीख आधीं झांकून घ्यावी.