बरणी गप्प झाली तेव्हा

आमच्या वसईत नाताळच्या करंज्या डिसेंबरात तळतात, पण नाताळची वाईन मार्चमध्येच बरणीत पडते. काळी द्राक्षं मुबलक आणि स्वस्त मिळतात ती तेव्हाच.

सासूबाई होत्या तोवर ते खातं त्यांचं. माझ्याकडे फक्त द्राक्षं निवडणं आणि पुसणं. त्या गेल्या आणि पुढच्या मार्चमध्ये चिनी मातीची बरणी माझ्या वाट्याला आली. द्राक्षं कुस्करली, किलोला किलो साखर एकदम ओतली, कढत पाण्यात यीस्ट भिजवून घातलं. दोन दिवस झाले, बुडबुडा नाही. कान लावला तर बरणी गप्प! यंदाचा नाताळ वाईनशिवाय, या विचाराने मला रडूच आलं.

शेजारच्या मावशींनी एकच विचारलं, “पाण्यात बोट बुडवून पाहिलं होतंस?”

नव्हतं पाहिलं. यीस्ट हा सजीव आहे. तो साखर खातो, म्हणून दारू आणि वायू तयार होतो. कढत पाण्यात तो मरतो. साखरही चुकलीच होती. मुरांबा वर्षभर टिकतो तो साखरेच्या जोरावर. तोच जोर इथे यीस्टची वाढ रोखतो.

मग मावशींनी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि नवं यीस्ट घातलं. पाव तासात फेस आला. त्यात बरणीतला रस थोडा थोडा मिसळून त्याला सवय लावली. बरणीतही उकळून गार केलेलं पाणी वाढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी फसफसत होती.

पुढची खबरदारीही त्यांनीच शिकवली. सालं वर तरंगून कोरडी पडली की बुरशी धरते, म्हणून ती रोज लाकडी डावाने खाली दाबायची. रंगीत बुरशी दिसली तर सरळ फेकून द्यायचं. तोंडाला फडकं बांधायचं, घट्ट झाकण नाही. वायू कोंडला तर बाटलीसुद्धा फुटते. फसफस पुरती थांबली, की मात्र गाळून बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या.

यातलं शेवटचं मी एका बाटलीपुरतं विसरले. ती अर्धीच राहिली आणि महिन्याभरात तिला शिरक्याचा वास सुटला. वाईन आंबट का होते, याचा शोध फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी घेतला आणि १८६६ साली वाईनच्या दुखण्यांवर पुस्तकच लिहिलं. हवेवर वाढणारे जंतू दारूचं आम्ल करतात. झालेला शिरका पुन्हा वाईन होत नाही. मी तो मटणाला वापरला.

सासूबाई मार्चच्या उकाड्यात बरणीला ओलं गोणपाट का गुंडाळत, हेही आता कळलं. फार उष्णता यीस्टला सोसत नाही. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

त्या नाताळला पाच बाटल्या निघाल्या. चव त्यांच्या हातची नव्हती. पण यजमानांनी दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला, आणि मी पहिली बाटली मावशींकडे पोचवली.