भिंतीत मुरलेले ऊन

परभणी म्हटले की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण 2018 च्या डिसेंबरअखेर परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. अशा थंडीत पत्र्याच्या घरात पहाटे छतातून थेंब टपकतात. पाऊस नसतो, पत्र्याला भोकही नसते. रात्रभर श्वासातून निघालेली वाफ निरभ्र आभाळाखाली गारठलेल्या पत्र्यावर जमते आणि गोधडीवर पडते. माळवदाच्या घरात वाढलेल्या म्हाताऱ्यांना हा प्रकार नवा आहे.

परभणी जिल्ह्याच्याच जिंतूर तालुक्यातले चारठाणा अभ्यासकांना ठाऊक आहे ते दगडासाठी. गोकुळेश्वराचे यादवकालीन मंदिर, बारव, उंच कोरीव स्तंभ हे सगळे बघायला लोक दुरून येतात. सामान्यांच्या घरभिंतींकडे कोणी बघत नाही. मराठवाड्यात त्या भिंतींची रीत ठरलेली होती: खाली दगडाची जोती, वर पांढऱ्या मातीची दोन-अडीच फुटी भिंत, लाकडी खांब-तुळयांवर माळवद आणि माळवदावर खारी माती. काळी माती भिंतीच्या कामाची नाही. ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून गावठाणाच्या पांढरीतून माती यायची. तिच्यात गव्हाचा काड, भुसा घालून चिखल तुडवायचा, काही दिवस मुरू द्यायचा आणि मग थरावर थर चढवायचे. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा चढत नसे. पांढर ही बहुधा जुन्या वस्तीची राखाडी माती असल्याने या खणाखणीत जुने अवशेषही गेले, हेही सांगितले पाहिजे.

आता थंडीचा हिशेब. लडाखात थंडी महिनोन्महिने मुक्काम ठोकते. तिथे नुसती जाड भिंत कामाची नाही, कारण ती एकदा गारठली की गारठलेलीच राहते. ऊब बाहेर जाऊ न देणारा हलका थर लागतो, नाहीतर लेहजवळच्या सेकमॉल संस्थेच्या मातीच्या इमारतींसारखी दक्षिणेला काच लावून ऊन आत घ्यावे लागते. अमेरिकेतल्या नेब्रास्कात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड मिळेना, तेव्हा लोकांनी गवताच्या गठ्ठ्यांच्याच भिंती रचल्या. गठ्ठ्यातली कोंडलेली हवा मातीपेक्षा कितीतरी पटींनी ऊब अडवते.

आपल्याकडची थंडी रात्रीची पाहुणी. दुपारी पारा तिशीजवळ, पहाटे दहाच्या खाली. एवढ्या चढउतारात जाड माती नेमकी उपयोगी पडते. फूटभर मातीतून ऊन आरपार जायला नऊ-दहा तास लागतात. दुपारी भिंतीवर पडलेले ऊन मध्यरात्रीनंतर आतल्या अंगाला पोहोचते, म्हणजे गरज असते तेव्हाच. नऊ इंची विटेच्या भिंतीत तो उशीर कमी, पत्र्यात जवळजवळ नाहीच.

दिशेचा विचार मात्र जुन्या घरांनीही नेहमी केलेला दिसत नाही. चारठाणा साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला 47 अंशांपर्यंतच चढतो आणि मेच्या मध्यात तो थेट डोक्यावर येतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात भरपूर ऊन आणि मे महिन्यात दीड-दोन फुटांच्या वळचणीखाली जवळपास सावली. ही भिंत मोकळी ठेवावी, तिला टेकून गोठा किंवा कडब्याची गंजी नको. तापते ती पश्चिमेची भिंत, झाड किंवा ओसरी तिला द्यावी.

मग माती का सुटली? एका तारखेचे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे: 30 सप्टेंबर 1993. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली आणि मराठवाड्याच्या मनात दगडमातीचे घर म्हणजे मरण, हे पक्के बसले. भीती खोटी नव्हती. पण तिथे पडल्या त्या बहुतेक गोट्या दगडांच्या दुपदरी भिंती. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिखल-खडी, दोन्ही पदर बांधणारा आरपार दगडच नाही. वर टनावारी मातीचे माळवद. जिथे माळवद लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंत बाहेर कोसळूनही अनेक छपरे उभी राहिली. दोष सांध्यांचा होता, आणि शिक्षा मातीला झाली.

1993 च्याच भारतीय मानक 13828 ने यावर नेमके सांगितले आहे: दगडी भिंतीची जाडी 45 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, साठ सेंटिमीटर उंचीच्या प्रत्येक टप्प्यात आरपार दगड आणि दोन आरपार दगडांत 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मातीच्या घरांसाठी वेगळे मानक आहे, 13827. भूकंपाचा धोका जुना झालेला नाही. 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये शेजारच्या हिंगोलीत 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले.

त्यामुळे अडीच फुटी भिंतीचा हट्ट मी धरणार नाही. लहान प्लॉटवर ती खोलीच खाऊन टाकेल. दीड फुटी भिंत, खिडकीखाली, दारावर आणि छताखाली सलग पट्टा, हलके छत आणि छताखाली काडाचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा थर, एवढ्यात बरेच साधते. मातीत पाच-आठ टक्के सिमेंट मिसळून, यंत्राने दाबून केलेले ठोकळेही चालतात. कोलंबियातल्या बोगोटात 1950 च्या दशकात रामीरेझ या अभियंत्याने बनवलेल्या सिन्वा-राम यंत्रापासून अशी हातयंत्रे जगभर पसरली, पुढे ऑरोव्हिलचे ऑराम आले. हे ठोकळे भाजावे लागत नाहीत. फक्त काळी माती यंत्रात घालू नये.

मातीपासून बायका का पळाल्या, हे वास्तुरचनाकार सहसा लिहीत नाहीत. दरसाल पावसाळ्यानंतर पोतेरा, सणासुदीला सारवण, उंदरांची बिळे बुजवणे, हे सगळे त्यांच्याच हातचे, बिनपैशाचे. दोन फूट उंच जोते, रुंद वळचण आणि बाहेरून चुन्याचा गिलावा दिला तर हे काम निम्म्याहून कमी होईल. ही तजवीज नसेल तर मातीच्या घराची शिफारस कुणी करू नये.

घरकुल योजनेत सपाट भागाला 1 लाख 20 हजार रुपये आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी जोडलेली होती. सिमेंट-विटांच्या घरात पैसा जिंतूरच्या दुकानात जातो. मातीच्या भिंतीत खर्च असतो तो हातांचा, आणि त्या मजुरीचा मोठा भाग घराच्याच माणसांच्या खात्यावर येऊ शकतो. पण थर वाळायला वेळ लागतो आणि हप्ता जोत्याचा, छताचा असा टप्प्याने मोजला जातो. दिवाळीनंतर काम काढले तर मार्चपर्यंत भिंती उभ्या राहतात. गवंडी मात्र आधी शोधून ठेवावा, कारण चिखलाचा हात असलेले गवंडी आता म्हातारे झालेत.