कॉमिक्सवर बोलायचंय आणि पाय लटपटतायत?

जे लेक्चरला बसलेत आणि इयरफोन लावू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. मोबाईल बेंचखाली धरून वाचा.

एक प्रश्न सारखा येतो. कॉलेजात दहा मिनिटं बोलायचंय, विषय कॉमिक्स घेतलाय, पण समोर उभं राहिलं की घशाला कोरड पडते. काय करू?

यात दोन भीती आहेत बरं का. एक सगळ्यांचीच, चारचौघांत बोलायची. दुसरी खास आपली: "हा काय पोरखेळ घेऊन आलास?" असं सर म्हणतील, ही. मी आधी दुसरीला हात घालतो. ती गेली की पहिलीचा जोर आपोआप ओसरतो.

त्यासाठी माझ्याकडे एक पुस्तक आहे, 'भीमायन'. २०११ साली आलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यातला एक प्रसंग आपल्या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर घडलेला आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला बघायला आले. तिथल्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला, शिव्या पडल्या. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या किल्ल्यावर आपण सहलीला जाऊन सेल्फी काढतो, तोच हा. हे सांगितल्यावर पोरखेळ कोण म्हणेल?

आता त्या पुस्तकातली एक गंमत बघा. बोलण्याचे फुगे एकसारखे नाहीत. साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! माझ्या मते या एका नांगीवर पाच मिनिटं आरामात निघतात.

पण स्लाइडवर अख्खं पान टाकू नका. लोक तुमच्या आधी वाचून मोकळे होतात, मग तुम्ही वाचताय आणि ते मोबाईल बघतायत. एकच चित्र मोठं करून लावा आणि गप्प बसा. खरंच, मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्या वेळात सगळ्यांची नजर तुमच्यावरून उठून चित्रावर जाते आणि तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळते. मग विचारा, "या फुग्याचं शेपूट कशासारखं दिसतंय?" कुणीतरी बोलतंच.

ही युक्ती माझी नाही हं. चित्रकथी हेच करत आले. पैठणची चित्रं प्रसिद्ध आहेत, आणि सिंधुदुर्गात पिंगुळीला ही परंपरा अजून चालू आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एक चित्र समोर धरायचं, वीणा-टाळाच्या साथीनं त्याची गोष्ट सांगायची, मग पुढचं चित्र. लोक चित्राकडे बघतात, सांगणाऱ्याचा आवाज ऐकतात. आपल्याकडे फक्त पोथीच्या जागी प्रोजेक्टर आलाय.

तो प्रोजेक्टर ऐनवेळी दगा देतो, म्हणून तीन चित्रं ए-थ्री कागदावर छापून जवळ ठेवा.

राहिली धडधड. ती जाणार नाही, आणि "शांत हो, शांत हो" म्हणून तर मुळीच नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेनं २०१४ साली प्रयोग छापले. भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना जास्त पटलं. कारण सोपं आहे. छाती दोन्हींत धडधडतेच, फक्त नाव बदलायचं असतं. शिवाय आपली थरथर आपल्याला वाटते तेवढी समोरच्याला दिसत नाही, हेही प्रयोगांत दिसलंय. पाठांतर फक्त पहिल्या दोन वाक्यांचं करा. पूर्ण भाषण पाठ केलं आणि एक शब्द निसटला, की गाडी तिथेच बंद पडते यार.

शेवटी हमखास एक प्रश्न येतो: "याचा नोकरीला काय उपयोग?" तेव्हा वाद घालू नका, नांगीचं चित्र परत लावा आणि विचारा, हे नुसत्या शब्दांत कसं लिहिलं असतं?

तुमचं बोलणं कधी आहे ते व्हॉइस नोटमध्ये कळवा. झाल्यावर पण!