वायपर बिघडतो उन्हाळ्यात, कळतं पावसात

मिरगाचा पाऊस सुरू झाला, वायपर चालू केला आणि काचेवर चिखलाचा अर्धगोल उमटला, की आपण पहिला दोष पावसाला देतो आणि दुसरा दुकानदाराला. खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवरच्या कोहिनूरसारख्या गावात गाडी वर्षातले सहा-सात महिने कोरड्या धुळीतूनच चालते. आधी तुरीच्या राशींचा भुसा, मग उसाच्या ट्रॉल्या, आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारा पारा. या सगळ्या काळात वायपर तापलेल्या काचेला चिकटून, एकाच कुशीवर वाकून पडलेला असतो.

वायपरच्या रबराची कड काचेवर सरळ उभी राहून पुसत नाही. ती थोडी कलून घासते आणि वायपर परत फिरला की दुसऱ्या बाजूला कलंडते. हे कलंडणं नीट झालं तरच पाणी एकसारखं निघतं. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं, महिनोन्महिने न हलल्यामुळे कड एकाच बाजूला वळते. मग जाताना काच स्वच्छ आणि येताना टरटर आवाज, असा प्रकार सुरू होतो. आवाज एकाच दिशेने येत असेल तर रबर वळलंय किंवा वायपरचा दांडा किंचित पिळला गेलाय असं समजावं. दांडा पिळला असेल तर नवी पट्टी बसवूनही आवाज जात नाही. मिस्त्रीकडून तो सरळ करून घ्यावा लागतो.

रेघा दिसल्या की वायपर गेला, हा सर्वांत पसरलेला समज. पुष्कळदा दोष काचेचा असतो. पुढच्या ट्रकचा धूर, धुलाईनंतर मारलेलं पॉलिश, चिरडलेले किडे यांचा तेलकट थर काचेवर बसतो आणि नवं रबरही त्यावरून नुसतं घसरतं. काच साबणाच्या पाण्याने धुवा, भरपूर पाण्याने खंगाळा, पट्टी ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा चालवून पाहा. एकाच जागी बारीक रेघ राहिली तर तिथे रबर फाटलंय. सगळी पुसलेली जागाच धूसर दिसत असेल तर काच अजून तेलकट आहे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर काच आतूनही पुसा. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून जी वाफ सोडतं, तिचा पातळ थर आतल्या बाजूला बसतो आणि तो कुणी पुसतच नाही.

धूळ झाडायला कोरडा वायपर फिरवणं ही आपल्या भागातली खरी वाईट खोड. काच कठीण असते, तिला धुळीने काय होणार, असं वाटतं. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापावर काच साधारण साडेपाचावर येते, तर वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे रबराखाली अडकलेला वाळूचा कण काचेवर ओरखडा काढू शकतो. आधी पाणी, मग वायपर, हा क्रम मोडू नये. पडलेले ओरखडे टूथपेस्टने जातात हीही भाबडी आशा. नखाला लागणारा ओरखडा टूथपेस्टने भरत नाही, आणि तो जाईपर्यंत काच घासली तर तेवढ्या जागेतून रस्ता वेडावाकडा दिसतो.

आता आपले घरगुती उपाय. रबर मऊ राहावं म्हणून डिझेल, रॉकेल किंवा खोबरेल चोळणारे भेटतात. पेट्रोलियम तेलांनी नैसर्गिक रबर फुगतं आणि कमजोर होतं; खोबरेल काचेवर उतरून रेघा वाढवतं. तंबाखू किंवा बटाट्याची फोड काचेवर चोळण्याचा ट्रकवाल्यांचा उपाय मात्र अगदीच खोटा नाही. त्याने थेंब न बनता पाणी पसरतं आणि थोडा वेळ समोरचं दिसतं. भर पावसात वायपर बंद पडला तर गाव गाठण्यापुरता तो चालेल, पण नंतर चिकट थर राहतो, म्हणून रोजची सवय करू नये.

उन्हात उभ्या गाडीचे वायपर उचलून ठेवले की ते टिकतात, असं सांगितलं जातं. मेरी अँडरसन यांनी अमेरिकेत १९०३ साली वायपरचं पेटंट घेतलं तेच मुळी बर्फामुळे चालकांना होणारा त्रास पाहून, आणि वायपर उभे करण्याची रीतही बर्फाळ देशांतली. तिथे पट्टी काचेला गोठून चिकटते. आपल्याकडे तापलेल्या काचेपासून रबर सुटतं, एवढा फायदा खरा. पण ऊन आणि ओझोन उभ्या पट्टीलाही सोडत नाहीत, स्प्रिंग ताणलेली राहते, आणि दांडा निसटून आपटला तर काच तडकू शकते. कडुनिंबाची सावली शोधा. नाही मिळाली तर काचेवर कापड टाका.

काच धुण्याच्या फवाऱ्याच्या टाकीत बोअरचं पाणी आणि कपड्यांची पावडर टाकणाऱ्यांबद्दल थोडक्यात: जड पाण्याच्या क्षारांनी फवाऱ्याची बारीक भोकं बुजतात आणि पावडरचा फेस काचेवर डाग ठेवतो. गाळलेलं मऊ पाणी आणि काचेसाठी मिळणारं द्रावण पुरे.

टिपरमागून जाताना खडा उडून काचेला टवका पडतो. “एवढ्याने काय होतंय” म्हणून तो तसाच ठेवतात, नाहीतर घाबरून लगेच अख्खी काच बदलतात. दोन्ही टोकं चुकीची. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांनी अशा काचेचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. टवका बहुधा बाहेरच्या थरापुरताच असतो. तो लहान असेल, काचेच्या कडेपासून आणि चालकाच्या नजरेसमोरून दूर असेल, तर रेझिन भरून वाढ थांबवता येते. पुसट खूण राहते, तेवढी चालवून घ्यावी. तोवर धूळ-पाणी जाऊ नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. मे महिन्यात बाहेरून तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतू नका, आत एसीचा जोरही एकदम तिच्यावर सोडू नका. अशाच वेळी टवक्याची चीर होते.

विमा सगळंच भरून देतो, हाही एक समज. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेला घसारा लागत नाही, रबर आणि प्लास्टिकला मात्र ५० टक्के लागतो. झिजलेल्या वायपरचे पैसे विमा देत नाही. काचेच्या दाव्याने नो क्लेम बोनस जाऊ शकतो, म्हणून दावा करण्याआधी पॉलिसी वाचा.

पट्टी साधारण वर्षाने बदलावी, आणि ती उन्हाळा संपताना, मिरगाच्या आठवडाभर आधी. मार्चमध्ये बसवलेलं नवं रबर पाऊस येईपर्यंत निम्मं जुनं झालेलं असतं. बसवकल्याण किंवा हुमनाबादला घ्यायला जाल तेव्हा दोन्ही जुन्या पट्ट्या मोजून जा. बऱ्याच गाड्यांत चालकाकडची पट्टी लांब आणि शेजारची आखूड असते.