घरच्या घरी लाव्हापालन

तुरीच्या पट्ट्यातून चालताना अगदी पायाजवळून भुर्रकन उठणारा आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात दडी मारणारा ठेंगणा पक्षी बिलोली तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिलेला असतो. तो लाव्हा. बाजारात त्याला बटेर म्हणतात, सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात कौजू पिट्टा. ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी लांडग्याच्या जबड्यातून सोडविलेली वर्तिका म्हणजे हाच पक्षी, असे अभ्यासक मानतात. तेव्हा ओळख जुनी आहे. परंतु पाळायचा तो हा नव्हे. रानातला लाव्हा फास लावून धरणे किंवा विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. (फासेपारध्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या याच फासावर चालत असे. फास बंद झाला, पोटाचे काय, हा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे.)

पाळायचा तो जपानी लाव्हा. १९७४ साली तो अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधन केंद्रात आणला गेला आणि तेथून देशभर पसरला. याच जातीच्या अंड्यांतून १९९० साली 'मीर' या सोव्हिएत अंतराळस्थानकात पिले बाहेर आली. जमिनीपासून इतक्या उंचावर जन्मलेला दुसरा पक्षी मला तरी ठाऊक नाही!

याचे मोठे आकर्षण म्हणजे वेग. अंडे सतरा-अठरा दिवसांत फुटते, कोंबडीला एकवीस लागतात. पाच-सहा आठवड्यांत पक्षी कापण्याजोगा होतो, वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम. सहा-सात आठवड्यांची मादी अंडी घालू लागते व नीट खाणे आणि पुरेसा उजेड मिळाला तर वर्षाकाठी अडीचशेच्या आसपास देते. नराची छाती तांबूस व साधी, मादीची ठिपकेदार. तीन आठवड्यांनंतर हा फरक कळू लागतो. दोन-तीन माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले की भांडणे व टोचाटोची सुरू होते.

आता अडचण अशी की, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून ही मादी अंड्यांवर बसणेच विसरली आहे. घातलेल्या अंड्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. म्हणून एक तर उबवणी यंत्र हवे, नाही तर दुसऱ्याची कूस. यंत्र म्हणजे काही फार नव्हे. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, तापमान राखणारे यंत्र, छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. आतील उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअस ठेवावी. अंडी दिवसातून चार-पाच वेळा फिरवावीत, म्हणजे गर्भ टरफलाला चिकटत नाही. चौदाव्या-पंधराव्या दिवसापासून फिरविणे थांबवून वाटीतले पाणी वाढवावे, कारण हवा कोरडी पडली तर आतील पापुद्रा वाळतो आणि पिलाला फोडून बाहेर पडता येत नाही.

हे सारे मी पुस्तकात वाचून घरी सांगितले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे ऐकून घेतात. आई एवढेच म्हणाली, "खुडूक कोंबडीला कुठं थर्मामीटर लागतंय?" तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. खुडूक कोंबडीला वीज लागत नाही. एका कोंबडीखाली लाव्ह्याची वीस-पंचवीस अंडी मावतात. मात्र कोंबडी हलकी निवडावी. भारी कोंबडीच्या पायाखाली पातळ टरफल टिकत नाही, आणि जेमतेम सुपारीएवढे, सात-आठ ग्रॅमचे पिलूही चिरडते. यंत्र असेल तर घटकाभर वीज गेली म्हणून घाबरू नये, खोका गोधडीने गुंडाळून ठेवावा. गर्भ थोडी थंडी सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही.

इथेच आपल्या भागाची खरी गोम आहे. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बल्ब विझवला तरी खोक्यातील अंडी तापतच राहतात. यंत्राला ऊब देता येते, गारवा देता येत नाही. शिवाय साठवून ठेवलेल्या अंड्यांत अशा उकाड्यात अर्धवट गर्भ धरतो व मरतो. पुस्तकांत हे सहसा ठळकपणे लिहिलेले नसते. माझ्या मते आपल्याकडे दिवाळी ते होळी हाच उबवणीचा हंगाम समजावा आणि आठवड्याच्या आतलीच अंडी बसवावीत.

पिलांना पहिला आठवडा पस्तीस-सदतीस अंशांची ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पाण्याच्या थाळीत खडे टाकावेत, नाही तर पिले बुडून मरतात. बोट बुडेल एवढेही पाणी त्यांना जास्तच असते. पिंजऱ्याची जाळी बारीक हवी. मुंगूस, मांजर, घूस हे तिघेही आपापला वाटा मागायला येतातच.

हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. एक पक्षी कापण्याजोगा होईपर्यंत सुमारे अर्धा किलो खाद्य खातो, आणि पिलांच्या खाद्यात शंभरात चोवीस-पंचवीस भाग प्रथिने लागतात. नुसती कणी वा ज्वारी टाकून चालत नाही, सोयाबीनची पेंड मिसळावी लागते. वीस पक्ष्यांना दहा किलो. शिवाय मागे राखलेल्या तीन माद्या व एक नर रोज शंभर ग्रॅम खातात, म्हणजे महिन्याला तीन किलो. साफ केल्यावर एका पक्ष्याचे मांस १२०-१४० ग्रॅमच भरते. म्हणून आधी गिऱ्हाईक पाहावे, मग अंडी बसवावीत. पहिल्या खेपेस घरात पैसा येत नाही, कालवण येते. ज्या घरात मांस सणासुदीलाच शिजते तिथे तेही थोडे नाही.

रोगाचा धोका नसतो असे सांगणारे सांगोत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला त्याने कावळे मेले. लाव्हाही या रोगाला बळी पडतो. कोंबड्या व लाव्हे एका खुराड्यात कोंडू नयेत, पिंजऱ्यावर कावळे-चिमण्या बसू देऊ नयेत. खुडूक कोंबडीखाली अंडी घालायची असतील तर तीही आधी चार दिवस वेगळी ठेवून पाहावी. पक्षी आणण्यापूर्वी परवान्याबाबतचे चालू नियम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावेत. सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र तर आपल्याच तालुक्यात आहे, तिथेही चौकशी करता येईल.