गाभा विटेचा, गाभा प्लॅस्टिकचा

लखनौच्या ला मार्टिनिएर कॉलेजच्या छताकडे मान वर करून पाहिलं की ग्रीक-रोमन देवदेवता आकाशाच्या कडेला उभ्या दिसतात. १७३५ साली लिओंमध्ये जन्मलेल्या क्लोद मार्तँ या फ्रेंच सैनिकाने 'कॉन्स्टॅन्शिया' हा महाल स्वतःसाठी बांधायला घेतला. १८०० साली तो लखनौलाच वारला तेव्हा काम अपुरंच होतं. शाळा भरली ती १८४५ मध्ये.

मला मार्तँपेक्षा तिथल्या कारागिरांचं कौतुक अधिक. लखनौच्या आसपास संगमरवराच्या खाणी नाहीत. त्यांच्या हाताशी होत्या पातळ लखौरी विटा आणि चुना. आत विटेचा गाभा, वर चुन्याचा गिलावा, आणि तो ओला असतानाच कोरलेली नक्षी: या रीतीवर नवाबी शहर उभं राहिलं. छत्तर मंझिलच्या माथ्यावर सोन्याच्या मुलाम्याचं छत्र चढलं, चौकात ठोकून ठोकून चांदीचा वर्ख पातळ होत राहिला. हलक्या गाभ्यावर मोलाची त्वचा चढवणं या शहराला कधीच कमीपणाचं वाटलं नाही.

संगणकावर आकार रचून, तो छापून, वर धातू चढवणारी आजची अमूर्त शिल्पकला मला याच कुळातली वाटते. छपाई यंत्र वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक रचतं. थरांच्या रेघा घासून काढायच्या, मग ग्रॅफाइटचा किंवा चांदीचा वीजवाहक रंग द्यायचा आणि वस्तू मोरचूद व गंधकाम्लाच्या द्रावणात सोडायची. वस्तूला ऋण टोक, तांब्याच्या पत्र्याला धन. कल्हईवाला भांडं तापवून कथील फिरवतो, इथे तेच काम थंड द्रावणात वीज करते. विजेने तांब्याचा साचा उतरवण्याची ही युक्ती मोरिट्स याकोबीने १८३८ साली रशियात दाखवली होती. घाई मात्र चालत नाही. एक अँपियर प्रवाह तासाला जेमतेम १.१९ ग्रॅम तांबं बसवतो. हजार चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर दशांश मिलिमीटरचा थर हवा असेल, तर पाच अँपियरवर पंधरा तास.

वीज कडांवर आणि टोकांवर धावते, खोल खाचांत जायला कचरते. डोळे, बोटं, वस्त्राच्या चुण्या अशा बारकाव्यांत कुठे तांब्याचे फोड येतात, कुठे प्लॅस्टिक उघडं राहतं. सलग वळणं मात्र ती प्रेमाने मढवते. म्हणून या पद्धतीत देवाचा चेहरा सोडून त्याची गती पकडणं मला अधिक प्रामाणिक वाटतं. ग्रीक पुराणातला वितळत्या पंखांचा इकारस कोसळत्या वळणातून दाखवता येतो, नाक-डोळ्यांची गरज पडत नाही.

आणि तालोस तर या कामाचा हक्काचा नायक. ग्रीकांच्या अग्निदेवाने, हेफायस्टसने घडवलेला हा कांस्यपुरुष दिवसातून तीन वेळा क्रीट बेटाला फेरी घाली. मानेपासून घोट्यापर्यंत त्याला एकच शीर, तिच्या तोंडाशी एक खिळा. जादूगारीण मेडियाने खिळा उपसला, आतला द्रव वाहून गेला आणि तो कोसळला. छापील शिल्पाचंही मर्म असंच एखाद्या छिद्रात असतं. थरांमधली बारीक फट बुजवायची राहिली तर द्रावण आत शिरतं, वरून तांबं चढतं, वस्तू झळकते. नंतर आतलं आम्ल पाझरू लागतं, हिरवे डाग उमटतात, धातूला फोड येतात. म्हणून जाणकार कारागीर रंगाचा ब्रश उचलण्याआधी सगळा पृष्ठभाग इपॉक्सीने बंद करतो, वस्तू पाण्यात बुडवतो आणि बुडबुडा कुठून निघतो ते पाहतो.